रिमोटला चापट: एक अभ्यास

विज्ञानाची प्रगती प्रश्नांनी होते आणि संशोधन परिषदेची, चहा वेळेवर आल्याने. यंदा पदवीच्या विद्यार्थ्यांच्या परिषदेत चहा वेळेवर आला, म्हणजे ती यशस्वी झाली यात वाद नाही. थोडं गालबोट लागलं, ते धाकटीमुळे.

धाकटी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन बहिणींत लहान, म्हणून धाकटी. घरी टीव्हीचा रिमोट दमला की बाबा त्याला दोन चापट्या ठेवून देत आणि तो चालू लागे. बाबांना या हातगुणाचा अभिमान होता. धाकटीने तोच विषय संशोधनाला घेतला. शेजारपाजारचे दमलेले सेल जमवले. काही वेळा रिमोटला चापट मारून तो मिनिटभर ठेवला, काही वेळा नुसताच ठेवला. दोन्हीकडे तो सारखाच चालला. चापट मारून लगेच बटण दाबलं, तर मात्र ढिम्म. विश्रांती मिळाली की सेलमध्ये थोडी धुगधुगी येत होती. चापटीचा त्यात काही हात नव्हता.

मार्गदर्शक सरांना हे पटलं नाही.

"अगं, काही होत नाही हे सांगायला परिषद कशाला? काही न होणं घरबसल्याही जमतं."

"पण सर, खरंच नाही होत."

"मग 'सकारात्मक कल दिसतो' असं लिही. कल काय, कुणालाही दिसतो."

पुढच्या प्रवेशासाठी सरांची शिफारस लागणार होती. तरी धाकटीने लिहिलं, 'सकारात्मक कल दिसत नाही.' सरांनी 'सकारात्मक'पर्यंत वाचून सही केली. (मार्गदर्शकांवर कामाचा बोजा फार असतो.)

परिषदेत बावीस पोस्टरं होती. त्यांपैकी एकविसांत काही ना काही सिद्ध झालेलं होतं. (निसर्ग इतका सहकार्य करतो हे एरवी जाणवत नाही.) परीक्षकांनी धाकटीला विचारलं, पोस्टर कुठे छापलं, निळा रंग कुणी सुचवला, आणि "आमच्या घरचा तर चालतो, त्याचं काय?" हा शेवटचा प्रश्न मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारला. तो तसाही चालला असता, असं ती सांगत राहिली. माणसं तिच्याकडे कणवेने बघत आणि पुढच्या पोस्टरकडे सरकत.

समारोपाला पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त कुलगुरू 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर बोलायला उभे राहिले. तिसऱ्याच स्लाइडला रिमोट बंद पडला. त्यांनी त्याला चापट मारली. अख्खं सभागृह मान वळवून धाकटीकडे बघू लागलं.

ती उभी राहिली. "सर, मिनिटभर नुसता ठेवून बघा ना."

पाहुण्यांनी हसून आणखी एक मारली. मग प्राचार्यांनी मारली. मग मार्गदर्शक सर धावत व्यासपीठावर गेले आणि त्यांनी दोन मारल्या. रिमोट असा हातोहात फिरत असल्यामुळे मिनिटभर बटण दाबायचं कुणाला सुचलं नाही. अखेर पाहुण्यांनी ते दाबलं आणि स्लाइड पुढे सरकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांनी माइक हातात घेतला. "आमच्या विभागाने नेमकं हेच सिद्ध केलंय."

परीक्षकांनी तिथल्या तिथे कुजबुजून प्रथम क्रमांक धाकटीला दिला. ती वर गेली, ढाल घेतली नाही, आधी माइकशी गेली. "मी हे सिद्ध केलेलं नाही. उलट सिद्ध केलंय."

एवढी नम्र मुलगी लोकांनी पाहिली नव्हती. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ढाल तिच्या हातात देण्यात आली. मागच्या रांगेत बाबा डोळे पुसत शेजारच्याला सांगत होते, "तरी मी घरात पहिल्यापासून म्हणतोय."

तुम्हाला या लोकांचं हसू आलं असेल. यायलाच हवं, तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या घरचा रिमोट चापटीने खरोखरच चालतो, पण त्याची गोष्ट वेगळी आहे.