अर्धा वाटा होडीचा

गोटीराम तांडेलाला स्वप्नात तीन दिवे दिसले होते. एक ओटीवर, एक चुलीपाशी आणि एक देवाच्या कोनाड्यात. तिन्ही पिकल्या आंब्याच्या रंगाचे. तेव्हापासून तो होडी घेऊन खाडीत गेला तरी अर्धा घरीच असायचा. खलाशांनी दोनदा हाका मारल्या, की मग कुठे ओटीवरच्या दिव्याखालून उठून तो होडीत यायचा.

साल बासष्ट. वाशी गावात वीज येणार होती, पण हमरस्त्यापासून खाडीपर्यंतच्या अकरा खांबांचा खर्च गावाने भरायचा होता. आठ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर तार पलीकडच्या गावाला जाणार होती. वीज घेणारे दोन पक्ष: चाळीस घरं आणि शौकतशेठचा बर्फाचा कारखाना. घरं म्हणायची, कारखान्याचं पोट मोठं. शेठ म्हणायचे, तोंडं तुमची जास्त. तीन बैठका अशाच गेल्या आणि सगळे गोटीरामकडे वळले. मासळीचे वाटे घालण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

"त्यात काय हाय?" गोटीराम म्हणाला. "अर्धा वाटा होडीचा, अर्धा खलाश्यांचा. कारखाना म्हंजे होडी. घरं म्हंजे खलाशी."

"मंजूर," शौकतशेठ म्हणाले.

व्यापारी माणूस पहिल्याच बोलीला मंजूर म्हणाला, की शहाण्याने पुन्हा एकदा मोजावं. पण गोटीराम त्या वेळी आपल्या स्वप्नातल्या दिव्याखाली बसला होता.

"आनि घरांचा अर्धा कसा फोडनार?" चंद्राबाईने विचारलं. ती एकटी राहायची आणि मासळी विकायची. "या कमळाकरची माडी हाय, सात खोल्या. माझी एकच, तिच्यात मी आनि मांजर. दोघांनी सारकंच भरायचं?"

"जितके दिवे तितके वाटे," गोटीरामने निवाडा दिला.

दुसऱ्या दिवशी यादी झाली. कमळाकरने एकच दिवा लिहिला.

"आनि माडीवर?" चंद्राबाई म्हणाली.

"माडीवर चांदनं येतं."

बघता बघता साऱ्या गावात चांदणं पडलं. एकोणचाळीस घरांचे एकोणचाळीस दिवे. राहिला गोटीराम.

"एकच लिवा," त्याची बायको गोजरा त्याच्या कानाशी लागली. "दोन मागून लावू."

"सपनात तीन व्हते, गोजरे. एक तर देवाचा हाय. त्याच्यासमोर खोटं बोलू?"

त्याचे तीन वाटे पडले. नव्या जाळ्यासाठी साठवलेले पैसे खांबांत गेले. जुनं जाळं मात्र दर खेपेला नवीन ठिकाणी फाटत होतं.

दिवे लागले त्या संध्याकाळी सारं गाव उंबऱ्यांवर उभं होतं. पांढराशुभ्र उजेड पडला. माणसं एकमेकांकडे पाहुण्यांसारखी बघू लागली. एवढ्यात कारखान्याचं मशीन धडधडलं आणि गावभरचे दिवे एकदम उतरले. पिकल्या आंब्यासारखे झाले.

"अगदी असेच!" गोटीराम हरखून म्हणाला. "असेच दिसले व्हते!"

बाकीच्यांना असं स्वप्न पडलेलं नव्हतं. ते तांडेलाला पुढे घालून कारखान्यावर गेले.

"शेट, तुमच्या मशीननं आमचा उजेड खाल्ला," कमळाकर म्हणाला.

"आमचा वाटा घेतला," शौकतशेठ शांतपणे म्हणाले. "गोटीराम, खर्चात अर्धा वाटा होडीचा, तर मासळीतपण अर्धाच ना? का खर्चाला होडी आणि उजेडाला होडगं?"

गोटीरामने मान हलवली. वाटा त्यानेच घातला होता.

त्या दिवसापासून लोक त्याच्या ओटीवर येऊन बसू लागले. तिथे आतबाहेरचे तीन दिवे मिळून एकाचा तरी उजेड पडायचा. सगळ्यात आधी कमळाकर यायचा.

"का रं, माडीवर चांदनं नाय काय आज?" चंद्राबाई जागा देत विचारायची.

असे पंधरा दिवस गेले. मग एकदा गावच्या साऱ्याच होड्या रिकाम्या परतल्या. गोजराला काय सांगायचं ते घोकत गोटीराम चिखल तुडवत वर आला, तर सारं गाव लख्ख उजळलेलं. ओटीवर गोजरा डाळ निवडत होती.

"काय नाय ना गावलं?"

"तुला कोनी सांगितलं?"

"दिवे बगा की. मासळी आली तर बर्फ उचलतात. बर्फ उचलला तर मशीन चालते. आज मशीन निजलीय. म्हनून डाळ."

गोटीरामने लख्ख दिव्याकडे पाहिलं. एवढ्या उजेडात डाळीतला एकेक खडा दिसत होता.

चार दिवसांनी होड्या काठोकाठ भरून आल्या. गाव आंब्याच्या रंगात बुडालं होतं आणि घराघरातून वाटणाचा वास येत होता. उद्याच्या खेपेसाठी फाटकं जाळं सांधायला गोटीराम ओटीवर बसला. सुई सापडली तर दोरा सापडेना. दोरा सापडला तर भोक कुठलं नि जाळं कुठलं, ते कळेना.

"दिसतंय का काय?" चुलीजवळून गोजराने विचारलं.

"काय सुदीक नाय!" गोटीराम समाधानाने म्हणाला.