आखाड्यातला टेनिसचा सामना

यंदाच्या यात्रेत मी जिंकणार, हे मी महाशिवरात्रीलाच जाहीर करून टाकलं होतं. जाहीर करण्याजोगं माझ्या आयुष्यात हल्ली फारसं काही घडत नाही. मी निवृत्त व्यावसायिक टेनिसपटू आहे. वारूळवाडीला लागून असलेल्या आमच्या वस्तीवर याचा अर्थ ‘घरीच असतो’ असा होतो.

कारकीर्द थोडक्यात सांगतो. होतीही ती थोडक्यातच. बी.कॉम. करता करता टेनिसमागे लागलो आणि पुढे देशोदेशी अशा गावांत खेळलो, जिथं त्या गावचे लोकसुद्धा सामना बघायला येत नसत. प्रेक्षकांत एखादं कुत्रं आणि समोरच्या खेळाडूची आई. जागतिक क्रमवारीत माझं नाव शोधायचं तर बोट दुखेपर्यंत खाली जावं लागायचं. मग गुडघ्यांनी निवृत्ती घेतली, त्यांच्यामागोमाग मी. पुण्यात एका क्लबात काही वर्षं साहेबलोकांना बॅकहँड शिकवला. त्यांचा बॅकहँड सुधारला नाही, माझी कंबर मात्र गेली. आता टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. रोपांचं बरं असतं. ती वाढतात आणि मला काही विचारत नाहीत.

विचारायची ती आई. तिने, सरूबाईने, आपल्या मुलाला कधी जिंकताना पाहिलेलं नाही. ऐकलेलंही नाही. टेनिसच्या स्पर्धेत एक जण सोडला तर बाकीचे सगळे हरूनच घरी जातात. जिंकलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना, म्हणून लवकर झोपायचं. हरलो की वेळच वेळ. त्यामुळे आईला माझा फोन जायचा तो हरल्यावरच.

“काय झालं रं?”

“हरलो.”

“जेवलास का?”

अशी कितीतरी वर्षं गेली. तिच्या लेखी मी हरण्याच्या नोकरीला होतो आणि ती मी एकही खाडा न करता केली. आता ती थकली होती, मीही थकलो होतो. पण एकदा, एकदाच, तिच्या डोळ्यांदेखत जिंकायचं मनात होतं. गुडघे एका सामन्यापुरते शिल्लक होते.

म्हणून यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ सत्काराचं विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो, “शाल-नारळ राहू द्या. सामना ठेवा.”

“कुनासंग?”

“पेठला सुदर्शन म्हणून एक इंजिनिअर आहे. रविवारी पुण्याला जाऊन टेनिस खेळतो.” रविवारी खेळणारा माणूस मी मुद्दाम हुडकला होता.

“म्हंजी जुन्नर इरुद्ध आंबेगाव. जोड चांगली लावलीत की अमृतभाऊ. मैदान कसलं लागतंय?”

“लाल मातीचं.”

“मग आपला कुस्तीचा आखाडाच हाय. तुमी बिनघोर ऱ्हावा.”

मी बिनघोर राहिलो. एवढं जग फिरलेल्या माणसाने असं करायला नको होतं.

यात्रेच्या दिवशी सकाळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळाले. दुपारी मी रॅकेट घेऊन आखाड्यावर गेलो. कमिटीने माती अगदी जीव लावून केली होती. रोटाव्हेटर फिरवून, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून. मी चेंडू टाकला. तो तिथेच बसला, रवंथ करायला बसलेल्या म्हशीसारखा.

“मऊ झालीया का न्हाई?” दादाभाऊ कौतुकाने म्हणाले. “पडलात तरी लागायचं न्हाई.”

“दादाभाऊ, यात माणूस पडत नसतो. चेंडू उडावा लागतो.”

“मग आदी सांगायचं ना राव.”

शेजारी रस्त्याचं काम चाललं होतं. तिथला रोलर आणला. त्याने माती अशी दाबली की ती रस्त्यापेक्षा सरस झाली. फक्त मधोमध ट्रॅक्टरच्या चाकाचा एक पट्टा उरला. त्यावर पडलेला चेंडू आळेफाट्याच्या दिशेने निघायचा. नेट म्हणून टोमॅटोचे बांबू रोवून तार ओढली आणि तारेवर शेडनेट टाकलं. शेडनेट माझ्याच नर्सरीतलं निघालं.

पंच होते रखमाजी वस्ताद. त्यांचा जन्म कुस्त्या सोडवण्यात गेला. त्यांना नियम सांगितले. “रेघेभाईर गेला की बाद,” एवढं त्यांनी घेतलं, बाकीचं मला परत केलं. माइकवर हौशीराम. तो सकाळपासून घाटात ओरडून आला होता. त्यालाही समजावलं: पंधरा, तीस, चाळीस, पुढचा गुण मिळाला की एक गेम, आधी सहा गेम घेईल तो जिंकला.

“एवढंच ना,” हौशीराम म्हणाला. हे शब्द ऐकले की मी आता सावध होतो. तेव्हा होत नव्हतो.

सुदर्शन गुटगुटीत आणि नम्र निघाला. वाकून नमस्कार करून म्हणाला, “सर, रविवारी खेळायचो. आता सोसायटीतच कोर्ट झालंय, रोज खेळतो.” हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खेळ सुरू झाला आणि काहीतरी विचित्र व्हायला लागलं. मी गुण घेतला की गाव हळहळायचं. सुदर्शनने घेतला की सुतकी शांतता संपून गावात जरा हुरूप यायचा. पाहुण्याचा मान असेल, असं मला वाटलं. मग हौशीरामचा आवाज नीट कानावर आला.

“अमृतभाऊ गेलं तीसवर, मंडळी! पावनं अजून पंधरातच हायती. काय चपळाई म्हनायची ही!”

तेव्हा उलगडलं. घाटात सकाळपासून सेकंद पुकारले जात होते. ज्या गाड्याला कमी सेकंद, तो गाडा पहिला. गावाच्या हिशोबाने मी सुरुवातीपासून धापा टाकत मागे पडत होतो.

गेम संपल्यावर मी माइकपाशी गेलो. “हौशीराम, इथं जास्त आकडा म्हणजे पुढे.”

“जास्त लागल्यावर पुढं कसं?” त्याने दयेने माझ्याकडे पाहिलं. “दमलाय तुमी. पानी घ्या.”

मी पाणी घेतलं. म्हटलं, जिंकल्यावर कळेलच सगळ्यांना.

गुडघे दारातल्या जुन्या बिजागऱ्यांसारखे वाजत होते. ट्रॅक्टरच्या पट्ट्याने दोघांनाही सारखंच छळलं. पण पाच-चार अशी माझी आघाडी झाली आणि दहाव्या गेममध्ये चाळीस-पंधरा. आता एकच गुण. तो मिळाला की सामना माझा.

सर्व्हिस करण्याआधी मी मांडवाकडे पाहिलं. आई तोंडाला पदर लावून बसली होती. तिने दादाभाऊंना खुणेनं बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. ‘हा माझा मुलगा’ असं सांगत असेल, या विचाराने मला भरून आलं. दादाभाऊ उठून वस्तादांच्या कानाला लागले. मी चेंडू वर फेकला.

शिट्टी वाजली.

रखमाजी वस्ताद मैदानात आले, माझा हात धरला, नेटजवळ नेऊन सुदर्शनचा धरला आणि दोन्ही वर केले.

“कुस्ती बरोबरीत सुटली!” हौशीराम गरजला. “दोन्ही तालुक्यांची शान राखली!” हलगी वाजायला लागली.

“वस्ताद, एकच गुण राहिला होता.”

“लई झालं. दोन्ही गडी दमल्यात. उगं ताणलं की दुखापत व्हती.”

“टेनिसमध्ये बरोबरी नसते हो.”

“आखाड्यात असती,” वस्ताद म्हणाले आणि पुढच्या जोडीसाठी माती पुन्हा उकरून घ्यायला वळले.

दादाभाऊंनी इनामाचा नारळ दगडावर फोडला. एक वाटी मला, एक सुदर्शनला. “वाचलो सर,” सुदर्शन म्हणाला.

घरी आलो तर आई शेजारच्या सोनीबाईला सांगत होती, “न्हाई हरला आमचा अमृत. बरोबरीत सुटला. एवढ्या तरण्या पोरासंग.” हेच ती सगळ्या आळीत सांगून आली होती. माझ्या हातातली वाटी घेऊन ती खोबरं खोवायला बसली.

“आई, दादाभाऊंना काय सांगितलंस तू?”

“काय सांगायचं? म्हनलं, माझ्या लेकराचं चाळीस झालं, त्या पोराचं पंधराच. आता सोडवा. गावासमूर तरी हरायला नगं.”

मी तोंड उघडलं. चाळीस म्हणजे काय, हे सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. आई खोबरं खोवताना काहीतरी गुणगुणत होती. मी तोंड मिटलं.

“जेवून घे,” ती म्हणाली. आधी ‘काय झालं’ न विचारता, आयुष्यात पहिल्यांदाच.

जेवलो. चटणी झकास झाली होती. अर्ध्याच नारळाची, त्यामुळे जरा पुरवून खाल्ली.