तारेखालची शेळी

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळची वेळ. ठिकाण: देऊळघाट, दामूअण्णांचं अंगण. हजर: पोलीस पाटील, ढोरांच्या दवाखान्याचे डॉक्टर, शेजारीण म्हणून मी, आणि दोन शेळ्या. गैरहजर: लाईनमन. त्याला निरोप गेला होता. पण अण्णांचं घर दिसलं की तो सायकल वळवतो.

गावात वीज आली तेव्हा सगळं गाव खांबाला हळदकुंकू वाहायला गेलं होतं. दामूअण्णा तेवढे गेले नाहीत. मोठी तार नेमकी त्यांच्या घरावरून गेली होती. त्यानंतर त्यांच्या पत्नी गयावहिनी वाळायला लागल्या. अण्णांनी या दोन गोष्टींची गाठ मारली आणि ती कुणालाच सोडवता आली नाही.

त्यात लाईनमननं एकदा सांगून टाकलं की ही वीज सरळ जात नाही, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. झालं!

"पन्नास बार!" अण्णा मला म्हणाले. "बाई, तुमच्या शाळेतल्या पोरीले जेवल्याबरोबर पन्नास बार हलवा, मंग पाहू अन्न अंगी लागते काय."

"अण्णा, तार वर आहे. आपण खाली आहोत."

"थंडीबी वरूनच येते. मंग अंगात काऊन भरते?"

"खाल्लं त गेलं कुठं?" हा त्यांचा सवाल त्यांनी गावात कुणाला विचारायचा बाकी ठेवला नव्हता. कारण वहिनी खात होत्या, हेच त्यांचं दुःख होतं. अण्णा स्वतः ताट वाढत: ज्वारीची भाकर, वरण, वाटीभर दूध. ताट ओसरीवर ठेवून ते गोठ्यात जात. ताट लख्ख होऊन परत येई, आणि वहिनी आणखी वाळत.

शेवटी अण्णांनी पुरावाच जमवायचं ठरवलं. एकाच वेताच्या दोन शेळ्या घेतल्या. एक तारेखाली, ओसरीच्या खांबाला बांधली. दुसरी लांब, बांधावरच्या लिंबाखाली. दोघींना सारखाच पाला, सारखंच पाणी. दर आठवड्याला पोत्यात घालून कापसाच्या काट्याला टांगायचं. तारेखालची वाळली, की पंचांच्या सह्या, वीज कचेरीला अर्ज, आणि विजेचा खांब दुसरीकडे. अर्ज मी लिहायचा होता.

गावानं मजा केली. हॉटेलवाला म्हणे, "अण्णा, मलेबी टांगा एकदा. माही बायको म्हणते, तू फुगून राह्यला."

त्या सोमवारी शेवटचं वजन होतं. लिंबाखालची शेळी होती तशीच निघाली. तारेखालची पोत्यात माईना! काट्याचा दांडा वर उसळला. पाटील पोट धरून हसले.

"अण्णा, सारं गावच बांधू ना मंग तारेखाली!"

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी शेळीचा जबडा उघडून बोट फिरवलं. बोटाला भाकरीचा चुरा लागला.

"हिला वरून कोण खाऊ घालतं?"

कुणी काही बोलायच्या आत शेळीनं दाव्याला हिसका दिला आणि थेट ओसरीवर जाऊन तिथे बसलेल्या वहिनींच्या पदरात तोंड घातलं. पदरात सकाळची अख्खी भाकर होती.

भिंतीला भिंत लागून माझं घर, आणि मी रोज फक्त लख्ख ताट पाहत आले होते.

"गया?" अण्णा म्हणाले.

"गिळल्या नाई जात," वहिनी खाली पाहून बोलल्या. "तुमी एवढं वाढता. ताट तसंच धाडलं असतं, त तुमाले घोर लागला असता."

अण्णांनी वर तारेकडे पाहिलं. इतके दिवस शिव्या द्यायला ती होती. आता तीही राहिली नाही. मग ते ओसरीवर बसले, भाकर दुधात कुस्करली आणि एक लहानसा घास वहिनींपुढे धरला.

"घे व. शेळी पाहून नाई राह्यली."

वहिनी हसल्या. तो घास गिळायला त्यांना किती वेळ लागला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरांनी मला फाटकापाशी बोलावलं. "मी ढोरांचा डॉक्टर, बाई. पण पदर सरकला तेव्हा गळ्याची गाठ दिसली मला. उद्याच बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झालेला दिसतो. अण्णांच्या कानावर घाला."

मी लगेच कामं वाटून टाकली. पाटलांची दमणी, त्यांची हलकी बैलगाडी, ठरली. तिच्यात गादी पडली. वाटेसाठी पेज माझ्याकडे. सोबतीला माझी नणंद. संध्याकाळपर्यंत सगळं झालं.

दिवेलागणीला अण्णा कुंपणापाशी आले. वहिनींचं ठेवणीतलं लुगडं त्यांनी स्वतः घडी करून काखेत धरलं होतं.

"बाई, औषध घेऊन उद्या सांजेपर्यंत वापस येऊ न आमी?"

"आधी जाऊन तर या," मी म्हणाले.

बैलांना सरकीची ढेप घालून झाली आहे. डॉक्टरांचं बोलणं अण्णांना सांगायचं अजून राहिलं आहे.