बारा व्होल्टचे यंत्र

जुनी कागदपत्रे सांभाळणाऱ्या एका कार्यालयात विजेच्या जोरावर हवेतली धूळ खेचणारे यंत्र होते आणि त्याची वार्षिक तपासणी नियमानुसार होत असे. यंत्रात बारा हजार व्होल्ट, कार्यालयाचा मीटर एक हजाराचा. मीटर लावला की तो जळे, आणि नोंदवहीत 'तपासणी पूर्ण' असा शेरा पडे.

यंदा तंत्रज्ञ नवे आले. सगळे त्यांना व्होल्टभाऊ म्हणत. मीटर जाळणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी घरी बसून वीज अडवणाऱ्या बारीक रेझिस्टरांची हातभर लांब माळ केली, ती नळीत बसवली आणि शेवटच्या रेझिस्टरवर मीटर जोडला. बाकीचा भार माळेने सोसायचा, मीटरच्या वाट्याला फक्त हजारावा हिस्सा. जोडणी यंत्र बंद असताना केली. मग रबरी चटईवर उभे राहून, एक हात खिशात घालून त्यांनी लांबून खटका दाबला. मीटरने बारा दाखवले. भाऊंनी लिहिले, 'बारा गुणिले हजार, म्हणजे बारा हजार.'

निरीक्षकसाहेबांनी त्यांना बोलावून घेतले.

"रकाना वाचा. 'मीटरवर दिसलेले व्होल्ट.' तुम्हाला किती दिसले?"

"बारा. पण साहेब, हजाराने गुणायचं असतं."

"तपासणीत गुणाकाराची तरतूद नाही. आज तुम्ही गुणाल, उद्या दुसरा भागेल."

नोंद बारा व्होल्टची झाली. बारा व्होल्टच्या यंत्राला धोक्याची पाटी लागत नाही, म्हणून पाटी उतरली. पाटी नाही तिथे चटई कशाला, म्हणून चटई भांडारात जमा झाली. कुलूपबंद झाकणही अनावश्यक ठरले. भाऊंनी लेखी हरकत घेतली. उत्तर आले: 'यंत्रात बारा हजार व्होल्ट असते तर आपण हयात नसता. सबब आपला अर्ज हाच आपल्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा समजण्यात येत आहे.'

"मी वाचलो तो चटईमुळे," भाऊ केबिनमध्ये जाऊन म्हणाले. "आणि एक हात खिशात होता म्हणून. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते."

"कामाच्या वेळेत हात खिशात?" साहेबांनी मेमो काढला.

"बारा कबूल म्हणून लिहून द्या ना," घरी बायको वैतागून म्हणाली. "तुमच्या एकट्याच्या डोक्याला ताप कशाला?"

"मी लिहीन गं. पण यंत्राला वाचता येत नाही."

शेवटी भाऊंनी समितीसमोर प्रात्यक्षिक दाखवले. यंत्र बंद केले आणि आत साठलेला भार उतरवण्यासाठी अर्थिंगची दांडी लांबून टेकवली. कडाड्! निळी ठिणगी उडाली. समितीतल्या बाईंच्या हातून फाईल पडली. निरीक्षकसाहेब दोन पावले मागे सरले आणि तिथूनच त्यांनी निष्कर्ष सांगितला: ठिणगी दांडी लावल्यावरच उडाली, त्याआधी यंत्र शांत होते. दांडी जप्त झाली.

इतके निर्धोक यंत्र आतल्या खोलीत लपवून ठेवणे योग्य दिसेना. ते नागरिकांच्या प्रतीक्षागृहात, भिंतीलगत, उघडेच बसवण्यात आले. ते बंद करायची किल्ली साहेबांच्या कपाटात राहिली. पहिल्या दिवसापासून भाऊ स्वतःच यंत्रासमोर उभे राहिले. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जेवणाची सुट्टीही न घेता.

"काका, जरा लांबून. ताई, पर्स तिथे टेकवू नका." पाय सुजले, घसा बसला, पण आठ दिवसांत कुणाला साधा चटकाही बसला नाही. कुणालाच काही होत नाही म्हटल्यावर हा माणूस इथे उगाच का उभा, असे लोक विचारू लागले. पंख्याखालची तेवढीच जागा मोकळी होती आणि ती भाऊंनी अडवली होती.

नागरिकांनी तक्रार केली. खाली त्रेचाळीस सह्या होत्या. बहुतेकांनी मजकूर न वाचताच सही केली, कारण रांग पुढे सरकत होती.

या तक्रारीची दखल मात्र त्याच दिवशी घेतली गेली. भाऊंची बदली झाली आणि यंत्राला खेटून एक बाक टाकण्यात आला.

बाक लोखंडी आहे. तुमचा नंबर यायला अजून वेळ आहे. बसा ना, उभे का?