भज्यांना उजवा कौल

नवऱ्याची भजी बंद करायला डॉक्टर कमी पडले, तेव्हा रुक्मिणीने ते प्रकरण थेट रवळनाथाकडे वर्ग केलं.

श्रावणातला पहिला सोमवार होता आणि वाडी देवळात जमली होती. महादू गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की माणसं एकेक करून त्याच्या कानाला लागतात. कुणाची म्हैस आटलेली असते, कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असतं. महादू ते सगळं देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक मागणीला वाडी एका सुरात होकार भरते. एकदा होकार भरला की ती मागणी एकट्याची राहत नाही. वाडी तिला जामीन असते. त्या दिवशी रुक्मिणी महादूच्या कानाशी जरा जास्तच वेळ होती. पण हरिश्चंद्राचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मागच्या खांबाला टेकून, देऊळ सुटल्यावर बाळाच्या हॉटेलात कांदाभजीचा पहिला घाणा मिळेल की दुसरा, याचा अंदाज घेत होता.

"बा देवा रवळनाथा," महादूने सूर लावला, "ह्यो तुझो हरिश्चंद्र. तेच्या रक्तात चरबी झाली हा. तर आजपासून दिवाळीपर्यंत तो तळलेल्या जिनसाक तोंड लावचो नाय, आणि वाडयेन तेच्यार नदर ठेवची, असा तुझ्या पायाकडे मागणा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज हरिश्चंद्राचा होता.

आपण कशाला हो म्हटलं, हे त्याला देवळाच्या पायऱ्या उतरताना कळलं, तेही बाळाकडून.

"हरीभाऊ, आता तुमका माझ्याकडे चाय. कोरी. आणि बटर," बाळा म्हणाला.

"अरे, पण मी ऐकलंच नव्हतं."

"होकार तर तुमीच मोठ्यान दिलास. माझ्या कानात अजून दडे बसलेसत."

त्या दिवसापासून हरिश्चंद्राचे हाल सुरू झाले. बाळाच्या हॉटेलात खिडकीजवळचं बाकडं त्याचंच होतं. तहसील कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथे बसून तो वाडीला सातबाऱ्यापासून हवामानापर्यंत सगळं समजावून देई, आणि समोरची भज्यांची बशी ही त्या व्यासपीठाची शान होती. आता बशीत भाजलेल्या पावाचा कडक बटर आला तसं त्याच्या बोलण्यातलं वजनही गेलं. बटर चहात बुडवणाऱ्या माणसाचं हवामान कोण ऐकणार? आठवडाभरात त्याच्या जागेवर शंकर बसू लागला, आणि शंकरला तर सातबाऱ्यातला सातही कळत नव्हता.

मुंबईतल्या मुलाला, सुदेशला, हे फोनवर कळलं, तेव्हा त्या गुणी पोराने कुरिअरने एक एअर फ्रायर पाठवून दिला.

"बाबा, ह्येच्यात तळण नाय," तो म्हणाला. "आत गरम वारो फिरता, तेच्यार जिन्नस भाजता."

"म्हणजे तळलेलं नव्हे?"

"नाय."

"हे तू मला लेखी पाठव," हरिश्चंद्र म्हणाला. तावात आला किंवा अडचणीत सापडला की तो मालवणी सोडून कार्यालयीन मराठीत शिरत असे.

रुक्मिणी मंगळागौरीला शेजारच्या वाडीत गेल्याची संधी साधून त्याने दुपारी मशीन लावलं. बाळा जसं सरसरीत पीठ भिजवतो तसंच त्याने भिजवलं, त्यात कांदा घातला आणि मशीनच्या जाळीत ओतलं. मशीनला तेल लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. जाळीला खाली भोकं असतात हे पीठ ओतल्यावर ध्यानात आलं. निम्मं पीठ गळून तळाशी बसलं आणि करपलं. वर उरलेल्या कांद्याला आतल्या वाऱ्याने असं काही फिरवलं की बाहेर आलं तेव्हा त्याचा चिरा झाला होता, जांभ्या दगडाचा. हरिश्चंद्राने तरी एक दाताखाली धरून पाहिलं. दाढ हलली, भजं हललं नाही.

पण बेसनाचा वास कौलांतून बाहेर पडला होता. शेजारची तुळसा तो हुंगत मागच्या दारी आली.

"हरीभाऊनु, कसलो वास ह्यो?"

"कुठे काय."

"मगे मिशीक पीठ कसला?"

आणि त्याच क्षणी वाडीची लाइट गेली. श्रावणात लाइट जायला कारण लागत नाही, पण वाडीला ते हवं होतं आणि हरिश्चंद्राच्या मिशीला लागलेलं ते सापडलं. लाइट दुसऱ्या दिवशीही आली नाही. शंकरच्या फ्रिजमध्ये श्रावणानंतरसाठी ठेवलेले सरंगे मासे वाया गेले. बाळाचं दूध नासलं. हरिश्चंद्राने भजी खाल्ली, शब्द मोडला, देव कोपला, असा निकाल हॉटेलात लागून गेला. होकार वाडीने दिला होता, तेव्हा कोपही वाडीवरच होणार होता.

रुक्मिणी घरी आली ती हे सगळं वाटेत ऐकूनच.

"खाल्ल्यात?"

"ते तळलेलं नव्हतं."

"मगे काय होता?"

हरिश्चंद्राने तो चिरा तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, पायरीवर आपटून पाहिला.

"ह्या खावक गेल्यात तर पाप लागाचा नाय," ती म्हणाली. "दात जातले."

सोमवारी देवळात बैठक बसली. फिर्यादी बाळाच झाला. वाडीत बिनतेलाचं यंत्र आलंय ही बातमी त्याच्या कढईला आधीच झोंबली होती.

"भजी म्हणजे तळलेली," तो म्हणाला. "तळूक नाय तर ती भजी नाय. आणि भजी असात तर शब्द मोडलो. हेंनी खयचा ता एक सांगूचा."

"कोणतंही मत बनवण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी व्हावी," हरिश्चंद्र म्हणाला. कारकीर्दभर त्याने या वाक्यावर माणसं परत पाठवली होती. आज पहिल्यांदाच ते त्याला स्वतःसाठी लागत होतं.

"बरोबर," महादू गुरव म्हणाला. "आपण देवाक इचारुया. कौल लावया. पण देवाक इचारुच्या आधी वस्तू देवासमोर होवक व्हयी."

लाइट तोवर आली होती. मशीन देवळात आणलं गेलं. लाउडस्पीकरची पिन काढून तिथे त्याची पिन घातली. नैवेद्यासाठी खाली रांगोळी काढली होती, तिच्या मधोमध ते काळं यंत्र एखाद्या नव्या देवासारखं बसलं आणि वाडी भोवती कोंडाळं करून उभी राहिली. हरिश्चंद्राने बाह्या सरसावून बेसनात पाणी ओतायला तांब्या उचलला.

"ह्यांच्या हातची भजी?" तुळसा हसली. "परवा माझ्या कोंबयेन ती चोचीत धरल्यान नाय."

सगळे हसले. हसले ते हरिश्चंद्राला, पण लागलं ते दुसरीकडेच. रुक्मिणीच्या घरची भजी गेली तीस वर्षं वाडीत नावाजलेली. चतुर्थीला लोक तिच्या दारातून भजी खाल्ल्याशिवाय हलत नसत. आज देवळात चिरे निघाले असते, तर उद्या वाडी 'हरीने केली' म्हणणार नव्हती. 'रुक्मिणीच्या घरची' म्हणणार होती. ती पुढे आली आणि नवऱ्याच्या हातातला तांब्या तिने काढून घेतला.

"व्हा थय बाजूक. पाणी कित्याक ओततास? कांदो काय सुको आसा?"

तिने कांद्यावर मीठ टाकून तो चुरला. कांद्याला त्याचंच पाणी सुटलं. त्यात मावेल तेवढंच बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, ओवा, तिखट; आणि तेलाचा जेमतेम एक चमचा, तोही तळहातावर घेऊन मिश्रणाला चोळला. मग ती मशीनच्या जाळीकडे बघत क्षणभर थांबली.

"शर्मिला," तिने महादू गुरवाच्या सुनेला हाक मारली, "परसातली हळदीची चार पाना आण गो."

श्रावणात हळदीच्या पानावर तांदळाच्या पातोळ्या वाफवणाऱ्या बाईला जाळीची भोकं अडवणार होती थोडीच. पानं आली, जाळीत बसली, त्यांवर भजी घट्ट बसली. मशीन गुणगुणू लागलं. थोड्या वेळाने हळदीच्या पानाचा आणि ओव्याचा वास गाभाऱ्यापर्यंत गेला, आणि कोंडाळं आपोआप अर्धं पाऊल पुढे सरकलं. त्यात बाळाही होता. रुक्मिणीने एकदा जाळी काढून भजी पलटली, परत लावली. बाहेर आली ती कुरकुरीत, तांबूस, कडेला जराशी काळवंडलेली, आणि पानावर तेलाचा डागसुद्धा नव्हता.

पहिला वाटा देवापुढे ठेवला. महादूने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. 'ही भजी तळलेली नव्हेत ना?' याला उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

"पंखो बंद करा," बाळा म्हणाला. "मगे वाऱ्यान पडली म्हणूचात."

पंखा बंद झाला. हरिश्चंद्राच्या कपाळावरून घाम ओघळला, पण पाकळी हलेना. डावी पाकळी जराशी घसरली आणि तिथेच अडकली. हरिश्चंद्राच्या डोळ्यांपुढे दिवाळीपर्यंतचे सगळे बटर ओळीने उभे राहिले. आणि मग उजवी पाकळी, एखाद्या साहेबाने फाइलवर सही करावी तशी, निवांतपणे सुटून खाली आली.

"उजवो," महादू म्हणाला. "देव म्हणता, तळलेला न्हय."

मग भज्यांवर वाडी तुटून पडली. तुळसाने कोंबडीचा विषय काढला नाही. शंकर तोंड भरल्यावर बोलला, "बाळा, तुझी भजी खाल्ली की तेलाचो ढेकर येता रे. ही खावन तर परत भूक लागता."

बाळाने सहावं भजं उचललं.

तेवढ्यात महादू शेवटचं गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. हरिश्चंद्र हळूच त्याच्या कानाला लागला. तो आज जरा जास्तच वेळ तिथे होता, पण बाळाचं तिकडे लक्ष नव्हतं. ताटात एक शेवटचं भजं उरलं होतं आणि शंकरचा हात त्याच्या दिशेने निघाला होता.

"बा देवा रवळनाथा," महादूने सूर लावला, "तू उजवो कौल दिलंस, वाडयेचो शब्द राखलंस. तर आता दिवाळीपर्यंत बाळाच्या हाटेलात दर सांजेक ही बिनतळणाची भजी मिळांदेत, आणि खिडकीकडचा बाकडा ज्येचा तेका मिळांदे, असा तुझ्या पायाकडे मागणा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. शेवटचं भजं तोंडात कोंबत, सगळ्यांत मोठ्याने बाळा म्हणाला.

बाळाने घास गिळला. तो आधी महादूकडे, मग देवाकडे, मग हरिश्चंद्राकडे बघत राहिला.

"माका आयकाक येवक नाय," तो पुटपुटला.

"पण होकार तर तूच मोठ्याने दिलास," हरिश्चंद्र अगदी कार्यालयीन मराठीत म्हणाला. "माझ्या कानात दडे बसले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाच्या हॉटेलात कढईच्या शेजारी ते काळं यंत्र बसलं. भजी कशी लावायची ते दाखवायला रुक्मिणी स्वतः आली होती, आणि चूक होताच बाळाच्या हातावर चमचा मारत होती. खिडकीजवळच्या बाकड्यावर हरिश्चंद्र हळदीच्या पानावरची भजी पुढ्यात घेऊन शंकरला सातबारा समजावत होता. बाळाची कढई आठवडाभर रुसून होती. मग आचऱ्याहून, तारकर्लीहून माणसं हळदीच्या वासाची भजी विचारत येऊ लागली आणि तिला कुणी विचारेनासं झालं.

वाडीत बदल झाला तो एवढाच. सोमवारी महादूचं गाऱ्हाणं संपलं की आता लगेच होकार येत नाही. वाडी मागणी मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहते, शेजारच्याकडे बघते, खात्री करून घेते, आणि मगच म्हणते. तेवढा वेळ रवळनाथालाही थांबावं लागतं.