फियाटला सोलापूर मानवेना

डॅशबोर्डवरचा पितळी नंदी आडवा पडलेला पाहून शिवपुत्र हत्तुरे घाईघाईनं घराकडे वळले. एकतीस वर्षं पाचगणीच्या घाटात वळणं घेताना जो नंदी तसूभर हलला नव्हता, तो सोलापुरात गाडी अंगणात उभी असताना लवंडला होता.

"अगं, जरा बाहेर ये. हे काय झालं बघ!"

राजेश्वरीबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. "खालचा डिंक वितळलाय. मे महिना आहे. सोलापुरात या दिवसांत उभी माणसं आडवी होतात, नंदी तर बसलेलाच होता."

गाडी सहासष्ट सालची फियाट, दुधी रंगाची. पाचगणीच्या शाळेत शिवपुत्र भांडारपाल होते. तिथल्या पारशी हेडमास्तरांनी जाताना ती त्यांच्या हवाली केली आणि सांगितलं, "हिला थंडी नको लागू देऊ." शिवपुत्रांनी ते वाक्य मंत्रासारखं जपलं. पावसाळ्यात बॉनेटखाली बल्ब लावून ठेवायचा, हिवाळ्यात पुढच्या जाळीवर गोणपाट बांधायचं. राजेश्वरीबाई तिला 'सवत' म्हणत. "मला कधी गरम पाणी आयतं दिलंत? तिला रोज किटलीनं देता."

निवृत्तीनंतर, फेब्रुवारीत, घरचं सामान टेंपोत आणि सवत ट्रकवर चढून सोलापूरला आली. तेव्हापासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत गेली तरी तापायची. गल्लीतला प्रत्येक जण एकच निदान करी, "काका, हवा मानवंना तिला." शिवपुत्र बॉनेटला कुणाला हात लावू देत नसत, त्यामुळे निदान तेवढंच राहिलं.

हे अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गी गावात कळलं आणि राजेश्वरीबाईंचा भाऊ गुरुशांत एक दिवस चहाला आला. त्याचं तिथं मंगल कार्यालय होतं.

"दाजी, मला द्या की ती. कार्यालयाच्या गेटात उभी करतो. बॉनेट काढून आत माती भरतो, सदाफुली लावतो. लोकं फोटो काढतील. लई शोभंल बघा."

शिवपुत्रांच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना कळलं नाही. "माती? हिच्यात?"

"मग चालवून दाखवा. दानेश्वरीचं लग्न हाय माझ्या कार्यालयात. अक्षता पडायच्या आत गाडी दारात आली तर पुन्हा शब्द काढणार न्हाय. न्हाय आली तर गाडी माझी."

शिवपुत्रांनी बायकोकडे पाहिलं. राजेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या, "चालेल. मी साक्षीदार."

दानेश्वरी ही शिवपुत्रांच्या चुलत भावाची मुलगी. मुहूर्त बारा चाळीसचा. सोलापूरहून मैंदर्गी फार तर दीड तासाची वाट, म्हणून शिवपुत्र साडेनवालाच निघाले. शेजारी राजेश्वरीबाई, मागच्या सीटवर काशम्मा मावशी, आणि मावशीच्या मांडीवर आहेराचे बारा टॉवेल, दुकानाच्या कागदात बांधलेले.

कुंभारीच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली. शिवपुत्र गार पडले. रस्त्याकडेला कलिंगडं विकणाऱ्या बजाबाईंनी कळशीभर पाणी दिलं आणि वर सल्लाही दिला. "गाडीला ऊन लागलंय. कांदा ठिवा उशाला."

"मोटारीला उशी कुठून आणू?" शिवपुत्र रडकुंडीला आले.

पाणी पिऊन गाडी चार किलोमीटर चालली आणि पुन्हा गप्प झाली. इंजिनाजवळच्या पंपातच पेट्रोलची वाफ होतेय, पंपावर ओलं फडकं टाकावं, एवढं शिवपुत्रांना ठाऊक होतं. पण फडकं कुठं होतं? त्यांची नजर सावकाश मावशीच्या मांडीकडे गेली.

"शिवपुत्रा, तिकडं बघू नको," मावशी म्हणाली. "आहेर हाय तो."

"मावशी, एकच."

एकच म्हणता म्हणता सात झाले. सोलापूरचा टॉवेल पाणी भरपूर पितो, पण त्या उन्हात पाच मिनिटांत पापडासारखा कडक होत होता. पांढरे टॉवेल काळे होत गेले तसा मावशीचा चेहराही काळवंडत गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"दाजी, कुटं हायसा?"

"हे काय, आलोच की."

"या, या सावकाश. माती आणून ठिवलीय."

शिवपुत्रांनी कपाळावरचा घाम पुसला आणि शेवटचा उपाय काढला. हेडमास्तरांनी गाडीत खास हीटर बसवून घेतला होता. हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते आणि इंजिन निवतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. त्यांनी खटका दाबला.

आत जो वारा सुटला त्यानं मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"अय्यो शिवा! बाळंतिणीला शेक देत्यात तसा देतोयस की रे! अडुसष्ट वर्सांची हाय मी!"

"मावशी, थोडा वेळ."

"थोड्या वेळात भाजून निघंन मी! राजव्वा, तू तरी सांग त्याला!"

पदरानं वारा घेत राजेश्वरीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ओघळणारं पाणी नुसतं घामाचं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

वळसंगला गाडीनं शेवटचा आचका दिला. समोरच नागनाथ मेकॅनिकचं गॅरेज होतं. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा शिवपुत्र स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "तुम्हीच बघा आता."

नागनाथनं बॉनेटमध्ये पाहिलं नाही. तो गुडघ्यावर बसला, पुढच्या जाळीतून आत डोकावला, आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?" शिवपुत्र त्याच्या शेजारी वाकले. "वाचेल ना?"

"साहेब, रेडिएटरला गोधडी कुणी पांघरलीय?"

त्यानं हात घालून दोऱ्या तोडल्या आणि ओढून काढली. जाळी आणि रेडिएटर यांच्या मधे बरोब्बर बसेल, वरून दिसणार नाही अशी, चार कोपऱ्यांना नाड्या लावलेली, बारीक टाक्यांची जाड गोधडी. जांभळ्या इरकलीची.

शिवपुत्र त्या कापडाकडे बघत राहिले. मग बायकोकडे. "ही... ही तर तुझी साडी."

राजेश्वरीबाईंनी पदर तोंडाला लावला. "ट्रकवर उघड्यावर येणार होती ती. रात्रभर समोरून वारा. म्हटलं, बाधू नये. बाहेरून बांधली असती तर उडाली असती, म्हणून आतून..." त्या थांबल्या. "काढायची राहिली."

"तीन महिने?"

"तुम्हाला कशी सांगू? सवतीला गोधडी शिवली म्हणून?"

मावशीनं मागून हात जोडले. "म्हंजे मला उगंच भाजलं व्हय!"

गोधडी निघाल्यावर फियाट अशी सुटली की शिवपुत्रांनाच धक्का बसला. अक्कलकोट कधी मागं पडलं ते कळलं नाही. पण गाडी कार्यालयाच्या दारात शिरली तेव्हा ताशा वाजत होता, आणि बाहेर येणाऱ्या माणसांच्या केसांत अक्षता अडकलेल्या होत्या.

गेटाशी गुरुशांत उभा होता. शेजारी मातीची चार पोती आणि सदाफुलीची रोपं.

"दाजी, पाच मिन्टं चुकली की."

शिवपुत्रांनी किल्ली काढली. ती पुढे करणार तोच मधे राजेश्वरीबाईंचा हात आला.

"थांबा. साक्षीदार मी आहे ना? मग साक्ष ऐक, गुरू. गाडी हरली नाही. मी तिला गोधडी पांघरली, मी काढायला विसरले. हरले मी."

"आक्का, मग पैज?"

"पैज पुरी कर. मला उभी कर गेटात. डोक्यावर सदाफुली लाव. लोकं फोटो काढतील."

गुरुशांतनं बहिणीच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मातीच्या पोत्यांकडे, आणि म्हणाला, "जेवून घ्या. पंगत बसलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवपुत्र किटली घेऊन अंगणात आले आणि जागीच थबकले. बॉनेटवर आहेरातला एक कोरा टॉवेल पसरला होता, ओला, नीट पिळलेला, चारी कोपरे सारखे ओढलेले. नंदी पुन्हा जागेवर बसला होता, या खेपेला सुईदोऱ्यानं बांधलेला.

आतून आवाज आला, "बघत काय उभे राहिलात? वाळला असेल तर परत भिजवा. आणि ती किटली इकडं आणा. मला अंघोळ करायचीय."