शुभदाताईंची सही चालत नाही

शुभदाताई गद्रेंकडे वाटीभर गूळ मागायला गेलं तरी त्या आधी विचारतात, "उद्देश?"

मी नागोयात नवी होते तेव्हाची गोष्ट. संकष्टीचे मोदक करायला घेतले आणि गूळ कमी पडला. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब आहे असं कळलं होतं, म्हणून वाटी घेऊन गेले. चष्मा कपाळावर चढवलेल्या, पन्नाशीच्या एका बाईंनी दार उघडलं.

"गूळ? उद्देश?"

"मोदक."

"नग किती?"

"अकरा."

"मग एवढी मोठी वाटी कशाला?" असं म्हणून त्यांनी अकरा मोदकांपुरताच गूळ काढून दिला. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. मला वाटलं, ओळख करून घ्यायला आल्या. त्या मोदक मोजायला आल्या होत्या.

पुढे कळलं, की पुण्याच्या एका बँकेत ताई पंधरा वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होत्या. गद्रेसाहेबांच्या कंपनीने त्यांना नागोयाला पाठवलं आणि ताईंचं टेबल सुटलं. टेबलापलीकडच्या माणसाला प्रश्न विचारायची सवय मात्र सुटली नाही. इथे त्या बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात बाइतो करतात. जपानमध्ये पार्टटाइम कामाला सगळे बाइतोच म्हणतात. तिथल्या जपानी बायकाही त्यांना वचकून असतात. लोणच्याचा जादा तुकडा कोणी डब्यात टाकला, की ताई नुसत्या बघतात.

माझ्या मुलाने एकदा त्यांच्यासमोर सहलीला जायची परवानगी मागितली. ताईंनी लगेच सुरू केलं, "ठिकाण? कालावधी? जामीनदार कोण?" तो आठ वर्षांचा. त्याने जपानीत विचारलं, जामीनदार म्हणजे काय? ताईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे त्याला सांगितलं, "तुझं चुकलं तर ज्याला फोन येतो, तो."

हाच त्यांचा आवडता विषय. "अगं, कर्ज पोरांच्या नावावर असतं, पण सही आईबापाची. पोरगं परदेशात निवांत झोपतं ते त्या सहीवर. एखाद्या बापाचा हात सही करताना थरथरला, की मी आधी पाणी मागवायची. मग म्हणायची, काका, सावकाश. पेन माझंच घ्या."

त्यांची एकुलती एक मुलगी केतकी. गद्रेसाहेब दोन वर्षं डेट्रॉइटजवळ कामाला होते, तेव्हा ती तिथे जन्मली, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. शाळा सगळी नागोयात. बारावी झाल्यावर तिला अमेरिकेतल्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. थोडी शिष्यवृत्ती होती, थोडी घरची शिल्लक, आणि उरलेल्यासाठी कर्ज. ताईंच्या अंगात उत्साह संचारला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासले, आता स्वतःचा भरायचा! नवीन फाइल आली, रंगीत चिठ्ठ्या आल्या. पुण्याहून बहिणीकडून एक शाईचं पेनही मागवलं.

तिकडच्या सरकारचं विद्यार्थ्यांसाठी कर्ज असतं आणि पालकांसाठी वेगळं. ताईंना पालकांचं घ्यायचं होतं. "तिच्या डोक्यावर कशाला? आम्ही आहोत ना." सगळी माहिती भरून झाली, आणि मग कळलं की पालकांचं कर्ज फक्त तिथल्या नागरिकांना किंवा तिथे कायम राहायचा परवाना असलेल्यांनाच मिळतं. गद्रे पतिपत्नी यांपैकी काहीच नव्हते.

त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि उभ्या-उभ्याच बोलल्या. "आमचं उत्पन्न विचारलं, ते सांगितलं. कागद मागितले, ते दिले. आणि सहीची वेळ आली तर म्हणतात, तुमची सही चालत नाही. बरं, विद्यार्थ्याच्या कर्जाला जामीनदार द्यावा, तर म्हणे त्याला जामीनदार लागतच नाही! हे काय कर्ज झालं?"

गद्रेसाहेब म्हणाले, "अगं, बरंच की. आपल्या डोक्याला ताप नाही." ताई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी पालकांना मिळत नाही म्हणून कॉलेजने केतकीच्याच नावावरचं सरकारी कर्ज थोडं वाढवून दिलं. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, कर्ज म्हणजे काय ते शिकवणारा ऑनलाइन धडा पुरा केला आणि सहीच्या जागी नाव टाइप केलं. मी तिथेच होते.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"अगं, दहा वर्षांचं ओझं आहे ते! निदान एकदा थांबायचंस तरी. एक घोट पाणी तरी प्यायचंस."

"आई, दाइजोबु," केतकी हसून म्हणाली. म्हणजे, काही काळजी करू नकोस. ताई उठल्या आणि तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. तिने तो न पिताच लॅपटॉप मिटला.

ऑगस्टमध्ये ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात येणार होती. ताईंनी कारखान्यातून रजा घेऊन ठेवली, पुरणयंत्र दुरुस्त करून आणलं. पण मे महिन्यात तिचा फोन आला. कॉलेजच्या ग्रंथालयात सुट्टीभर काम मिळालं होतं. ते केलं तर पुढच्या वर्षी कर्ज कमी घ्यावं लागेल.

"योग्य निर्णय," ताई मला म्हणाल्या. "माझ्यासमोर असा अर्ज आला असता, तर मी शाबासकी दिली असती." मग बराच वेळ त्या पुरणयंत्राच्या जाळ्या पुसत बसल्या. रजा त्यांनी रद्द केली.

जूनमध्ये आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाने सायकलतळावरच्या सगळ्या सायकलींना पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या. वापरात असेल तर मालकाने चिठ्ठी काढावी. महिनाअखेर जिला चिठ्ठी राहील ती सायकल बेवारस समजून उचलली जाईल. केतकीची निळी सायकल तिथे दहा महिने उभी होती.

"काढून टाका चिठ्ठी," मी म्हटलं.

"वापरात नसताना? खोटं कसं सांगू?"

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी स्टेशनकडे निघाले होते. पुढे ताई कामावर चाललेल्या दिसल्या. कारखान्याचा पांढरा डगला, खांद्याला पिशवी, आणि दोन्ही हातांनी धरलेली ती निळी सायकल. त्या तिला ढकलत चालत होत्या. पुलाचा चढ आला तशा वाकल्या, पण थांबल्या नाहीत. चिठ्ठी काढलेली होती.

"ताई, बसा की वर!"

"मला कुठे येते चालवायला?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण कारखान्यात रोज नेते-आणते. वापर झाला की नाही?"

मी सायकलकडे बघितलं. ताईंपेक्षा केतकी चांगली वीतभर उंच. सीट पार वर.

"रविवारी शिकवते तुम्हाला. ही सीट खाली घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे."

ताईंचा हात चटकन सीटवर गेला. लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"नको गं," त्या म्हणाल्या. "तिच्या मापाची आहे. राहू दे तशीच."